आबांचं पान आणि बाईंच्या रिकाम्या जागा

भिलईतला लोखंडाचा कारखाना साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण भिलईत काळजीचाही एक कारखाना होता, तो आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये होता आणि तिन्ही शिफ्टमध्ये चालत असे, हे फक्त आमच्या स्ट्रीटला ठाऊक आहे. ज्यांना तुम्ही दोघं नातवंडं लहानपणापासून 'समोरचे आबा' म्हणता आणि मी भाऊजी म्हणते, त्यांच्याइतकी मनापासून, नेमाने आणि सविस्तर काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पावसाळ्यात छत गळेल ही काळजी सगळेच करतात. आबा उन्हाळ्यात छत गळत नाही याची काळजी करत, कारण गळलंच नाही तर भोक कुठे आहे ते कळणार कसं? रायपूरच्या बसमध्ये बसले, की कुम्हारी यायच्या आत त्यांचा फोन येई, "वहिनी, जरा पाहता काय, आमचा गॅस बंद आहे न?" मी समोर जाऊन पाहून यायची आणि सांगायची, "बंद आहे, भाऊजी." मग पलीकडून, "हात लावून पाहिला, का नुसता डोयानं?" मी म्हणायची, हात लावून. तरी समाधान नाही. "मंग हात लावताना चालू तर नाही झाला न?"

आबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. तिथला एक नियम आहे. कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी तिची लाइन बंद करायची, स्विचवर लाल पाटी अडकवायची, 'माणूस कामावर आहे, चालू करू नये', आणि ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. कितीही मोठा साहेब आला तरी दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. या नियमामुळे माणसं संध्याकाळी जिवंत घरी येतात, म्हणून प्लांटवाल्यांच्या घरांत तो फार मानतात. आबांनी तो मानण्यावर न थांबता घरी आणला. पंखा पुसायचा असेल तर रेग्युलेटरवर लाल पाटी. कूलरमध्ये पाणी भरायचं असेल तर प्लगवर लाल पाटी. एकदा आमचा मिक्सर त्यांनी दुरुस्तीला उघडला, पाटी लावली, आणि तेवढ्यात निरोप आला म्हणून गोंदियाला एका लग्नाला निघून गेले. नुसतं झाकण बसवायचं राहिलं होतं. मी हात पुढे केला, तर तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "पाटी कोणाची आहे?" "भाऊजींची." "मग भाऊजी काढतील." तीन दिवस आम्ही चटणीशिवाय जेवलो. हसू नका, मीही हात लावला नाही. इतक्या वर्षांत तो नियम माझ्याही अंगात मुरला होता, आणि त्याबद्दल मला पुढे फार वाईट वाटलं, ते सांगतेच.

आबांच्या पत्नीला सगळा सेक्टर 'बाई' म्हणतो, कारण अर्ध्या सेक्टरला त्यांनीच मिडल स्कूलमध्ये शिकवलं आहे. आबाही त्यांना बाईच म्हणत. ते काळजी करत आणि बाई ती तपासत. "यांच्या दहा काळज्यांपैकी नऊ चूक असतात," बाई मला म्हणायच्या, "पण मांडणी इतकी सुबक, की नापास करवत नाही." पायजम्याची नाडी सुटेल म्हणून आबा दोन नाड्या घालतात, हे बाईंनीच मला भर हळदीकुंकवात सांगितलं होतं. आबा बाहेरच्या खोलीत होते. ते तिथूनच म्हणाले, "आणि ते बरोबर आहे, वहिनी. एक तुटली एकदा."

आबा रिटायर झाल्यावर काही वर्षांनी बाई विसरू लागल्या. आधी भाजीत मीठ, मग वार, मग आपण कुठे निघालो होतो ते. एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर बाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन फाटकाशी उभ्या. मला म्हणाल्या, "आज प्रार्थनेला उशीर झाला बघा." शाळा सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती. मी त्यांना हाताला धरून आत नेलं. आबा स्वयंपाकघरात दूध तापवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला, आणि बंद झाला की नाही ते पाहिलं नाही. मला तेव्हाच कळलं, की आता घरात खरी काळजी आली आहे.

आबांना तासभर तरी बाहेर जावंच लागे. सुपेल्याच्या बाजारातली औषधं, बँक, पेन्शनचे कागद. तेव्हा ते टेबलावर चिठ्ठी ठेवून जात, 'सुपेल्याला गेलो आहे, अकराला येतो.' पण बाईंना कालची चिठ्ठी सापडे, परवाची सापडे, आणि त्या प्रत्येक चिठ्ठीवर विश्वास ठेवत. एकदा आबा शेजारच्या खोलीत झोपलेले असताना बाई हातात चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या, "हे अजून दुर्गहून आले नाहीत हो." तेव्हा आबांनी ठरवलं, की कागद नको, शिळा होतो. मजकूर असा पाहिजे, की ज्याच्यात रोजची गोष्ट रोज भरली जाईल आणि कालची आपोआप जाईल. आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी हा माणूस वेब पेज करायला शिकला.

तुम्ही दोघंही हेच काम करता, तेव्हा माझं चुकलं तर समजून घ्या. मला आबांनी जसं समजावलं तसं सांगते. "वहिनी," ते म्हणाले, "पूजेत गुरुजी संकल्प सांगतात न? अमुक गोत्र, अमुक नाव. 'अमुक'पाशी थांबतात आणि आपल्याकडे पाहतात. आपण आपलं नाव सांगतो. संकल्प एकच, घरोघरी नाव वेगळं. टेम्प्लेट म्हणजे तो संकल्प. 'अमुक' म्हणजे व्हेरिएबल. आणि मशीन आपल्याकडे पाहत नाही, यादीत पाहते." यादी म्हणजे एक छोटी फाइल, तिच्यात आबा रोज सकाळी वार, ठिकाण आणि वेळ लिहीत. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा स्क्रीन लावला. त्याच्यावर टपोऱ्या अक्षरांत येई:

'बाई, आज बुधवार आहे. मी सुपेल्याला गेलो आहे. अकरा वाजता परत येईन. तोवर तुम्ही पेपर वाचा.'

बुधवार, सुपेल्याला, अकरा आणि पेपर वाचा हे शब्द यादीतून येत. प्रत्येकाच्या खाली आबांनी एक ठिपक्यांची रेघ ठेवली होती, कारण जन्मभर त्यांनी प्लांटचे फॉर्म भरले आणि रेघेशिवाय लिहिलेलं उत्तर त्यांना अधांतरी वाटे. शिवाय पानाच्या पोटात एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला दिलेले चार हुकूम, बसवली होती. तिला यादीतलं तेच ठिकाण आणि तीच वेळ दिलेली असे, आणि ती वेळ जवळ आली, की ती आबांच्या आवाजात बोले, "बाई, बसा. मी सुपेल्याहून येऊनच राहिलो."

ही स्क्रिप्ट बसवताना जो घोळ झाला, तो आठवला की अजून हसू येतं. एका दुपारी आबा घाबरेघुबरे आमच्याकडे आले. "वहिनी, मशीन मले विचारून राहिली, सुपेला कोण?" मी म्हटलं, म्हणजे काय? तर मजकुरात 'सुपेला' नीट उमटत होतं, पण स्क्रिप्टच्या आत तेच नाव भरलं, की सगळं पान आंधळं होई आणि इंग्रजीत तक्रार येई, की सुपेला कोण ते मला सांगितलेलं नाही. तीन दिवस आबा जेवले नाहीत धड. शेवटी त्यांना सापडलं, की स्क्रिप्टच्या पोटात शब्द भरायचा तर दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावावी लागतात, नाहीतर मशीनला तो हुकूम वाटतो. "पोराले नुसतं 'सुपेला' म्हटलं तर पोरगं निघून जाईल न सुपेल्याले," आबा म्हणाले, "तसंच आहे हे. सांगा लागते, की बाबा, हा फक्त शब्द आहे, तू बसून राह्य." बाई कोचावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चिन्हं न लावणारा विद्यार्थी मी कधीच पास केला नाही." आबा इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी बाई चांगल्या होत्या.

सात-आठ महिने ते पान सुरळीत चाललं. बाई सकाळी स्क्रीनसमोर उभ्या राहून मोठ्याने वाचत, मग पेपर घेऊन बसत. स्क्रिप्ट बोलली, की "हो, या," म्हणत. अर्थात आबांची काळजी सुरळीत चालल्यामुळे वाढली. वीज गेली तर? म्हणून इन्व्हर्टर. इन्व्हर्टर गेला तर? म्हणून माझ्याकडे घराची किल्ली. मी गेले तर? हे त्यांनी मला माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पिताना विचारलं.

पण जे झालं ते यांतल्या कशानेही झालं नाही. एका सकाळी आबा पानात सुधारणा करायला बसले. बाईंना बारीक दिसू लागलं म्हणून अक्षरं मोठी करायची होती. आणि कामाला हात घालण्याआधी जन्मभराच्या सवयीने त्यांनी लाइन बंद केली. म्हणजे काय केलं, तर यादीतले भरलेले सगळे शब्द पुसून ठेवले, की काम करताना काही भलतं उमटायला नको. स्क्रीनच्या कोपऱ्याला लाल पाटी अडकवली. तेवढ्यात औषधाच्या दुकानातून फोन आला, की बाईंची गोळी आली आहे, दोनच पाकिटं आहेत. आबा चप्पल घालून सुपेल्याला निघाले. पाच मिनिटांचं काम. यादी रिकामीच राहिली.

दहा वाजता मी वाटीभर साखर परत करायला समोर गेले होते. मी स्वतः ते पान पाहिलं. 'बाई, आज ........ आहे. मी ........ गेलो आहे. ........ वाजता परत येईन. तोवर तुम्ही ........' मला खटकलं. आवाज दिला, तर बाई आतून म्हणाल्या, "आहेत, आहेत." मला वाटलं, आबा मागे अंगणात असतील. मी यादी कुठे असते ते जाणत होते, चार शब्द भरायला मला एक मिनिट लागलं नसतं. पण कोपऱ्यात लाल पाटी होती. पाटी भाऊजींची, भाऊजी काढतील. मी साखर ओट्यावर ठेवली आणि घरी आले.

अकराला आबा आमच्या दारात उभे. सुपेल्याच्या चौकात ट्रक बंद पडला होता, त्यात ते अडकले. "वहिनी, बाई तुमच्याकडे आहे न?"

"नाही हो. घरात नाहीत का?"

मला वाटलं, आता ते एकामागून एक विचारत सुटतील: टाकी, रस्ता, रेल्वेचं फाटक. पण ते काहीच बोलले नाहीत. चाळीस वर्षं न घडलेल्या गोष्टींवर हा माणूस तासन्‌तास बोलत असे, आणि गोष्ट घडली तेव्हा दाराची चौकट धरून गप्प उभा राहिला.  तुमच्या आजोबांनी स्कूटर काढली आणि ते बाजाराच्या बाजूला गेले. आबा मागची गल्ली पाहायला धावले. मी त्यांच्या घरात शिरले, आणि बाईंची चप्पल नाही हे पाहून वळले, तेव्हा स्क्रीनकडे लक्ष गेलं.

बाईंनी रिकाम्या जागा भरल्या होत्या. पाट्या लिहायचा आबांचा काळा मार्कर दोरीला तिथेच लोंबत असे, त्याने काचेवर, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात, बरोबर ठिपक्यांच्या रेघेवर. आज सोमवार आहे. मी फर्स्ट शिफ्टला गेलो आहे. दोन वाजता परत येईन. तोवर तुम्ही डबा आणून द्या. आणि प्रत्येक उत्तरापुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती.

मी इतक्या मोठ्याने ओरडले, की आबा मागच्या गल्लीतून परत आले. त्यांनी वाचलं. "मेन गेट," ते म्हणाले. एवढंच.

आम्ही ऑटोने गेलो. वाटेत मी मनात एकच हिशोब करत होते, की दहा वाजता मी ते चार शब्द भरले असते तर. आबा पुढे वाकून बसले होते, जणू वाकल्याने ऑटो जोरात जाईल. प्लांटच्या मेन गेटला सायकल स्टँडच्या सावलीत एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या, मांडीवर डबा, पदर नीट खांद्यावरून घेतलेला. गेटवरचा जवान आम्हाला पाहून म्हणाला, "माताजी को धूप में खड़ा देखा तो कुर्सी दे दी. बोलीं, साहब अंदर हैं, डिब्बा लेने आएँगे. मैंने कहा, ठीक है माताजी, आएँगे."

बाईंनी आबांकडे पाहिलं. "किती वेळची बसून आहे मी! कावून उशीर केला?"

आबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "पाटी काढायची राहिली होती, बाई," ते म्हणाले.

"मंग काढली आता?"

"काढतो."

डब्यात दोन पोळ्या होत्या आणि कच्चे पोहे, नुसते, कोरडे. आबांनी तिथेच खाली बसून ते खाल्ले. "मीठ बरोबर आहे?" बाईंनी विचारलं. "बरोबर आहे," आबा म्हणाले, आणि शेवटचा दाणा संपेपर्यंत खात राहिले. जवान दुसरीकडे पाहू लागला. मीही.

घरी आल्यावर आबांनी पाटी काढली आणि तिचे दोन तुकडे केले. मी माझं सांगितलं, की मी पाहिलं होतं, माझं चुकलं. ते म्हणाले, "तुम्ही बरोबर केलं, वहिनी. प्लांटमधी तुम्ही हात लावला असता तर मी तुमाले ओरडलो असतो. घर प्लांट नाही, हे मले सांगायले कोणी आलंच नाही." मग ते टेम्प्लेट उघडून बसले. त्यांनी अशी सोय केली, की यादीत काहीच भरलेलं नसेल, तर जागा रिकामी न ठेवता मशीनने आपलं आपण लिहावं, 'मी घरीच आहे.' आणि मशीनने लिहिलेलं खोटं ठरू नये, म्हणून आबांनी बाहेर जाणंच सोडलं. औषधं आता तुमचे आजोबा आणतात. रायपूरची बस नाही, कुम्हारीहून फोन नाही. गंमत पाहा, मला त्या फोनची आठवण येते. कधी कधी मी उगाच समोर जाऊन त्यांच्या गॅसला हात लावून पाहते.

गेल्या दिवाळीनंतर बाई अजून खालावल्या. एका सकाळी त्यांनी पान वाचलं, 'मी घरीच आहे', आणि आबांना विचारलं, "हा मी-मी कोण करून राहिला?" आबा संध्याकाळी माझ्याकडे आले. कागदावर त्यांनी चार-पाच पर्याय लिहून आणले होते: स्वतःचं नाव, आडनाव, 'तुमचे यजमान', 'तुमचा नवरा'. "यातलं काय लिहू, वहिनी? नाव ते ओयखत नाही आता. चुकीचं लिहिलं आणि घाबरली तर?"  मी म्हटलं, त्यांनाच विचारा. आबांनी 'मी' तेवढा काढून टाकला आणि 'आहे'चं 'आहेत' केलं. सकाळी पानावर नुसतं होतं, '........ घरीच आहेत', आणि मार्कर दोरीला.

बाई बराच वेळ उभ्या राहिल्या, आबा मला सांगत होते. मग त्यांनी मार्कर घेतला आणि रेघेवर लिहिलं, 'हे'.

तुम्ही परदेशात वाढलात, म्हणून सांगते. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आबांबद्दल बोलताना बाई पन्नास वर्षं 'हे' असंच म्हणत आल्या. जे नाव त्या विसरल्या, ते त्यांनी कधी वापरलंच नव्हतं.

मी आबांना म्हटलं, "भाऊजी, आता 'हे' यादीत भरून टाका, म्हणजे मशीन रोज आपोआप लिहील."

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "जोवर बाई लिहून राहिली, तोवर जागा रिकामीच राहू द्या."

ते रोज संध्याकाळी काच पुसतात आणि सकाळी दाराआड उभे राहून वाट पाहतात. मी माझ्या खिडकीतून त्यांना पाहते. रोज नऊ-साडेनऊला ते खिडकीशी येऊन मला हात वर करून दाखवतात, की लिहिलं. आज दहा वाजले, साडेदहा झाले, हात दिसला नाही. मी भाजी निवडायला घेतली आणि तशीच ठेवली. तुमचे आजोबा दोनदा म्हणाले, जाऊन ये. मी गेले नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी आबा खिडकीत आले. त्यांनी हात वर केला.

मग मी कुकर लावला.